जाखूबाईचा विस्तव

सांगा बरं, मंडळी, लढाई सरल्यावर भरवसा कुणावर ठेवावा? राजावर, शेजाऱ्यावर, की आढ्यावरच्या पाखरावर?

एका राज्यात दोन राजपुत्र गादीसाठी भांडले आणि रयत दोहोंकडून मेली. एकाच गावात वरची आळी थोरल्याची झाली, खालची धाकट्याची. पुढे दोघे भाऊ एका ताटात जेवले. रयत रानातून परतली ती राखेत. भिंती उभ्या राहिल्या, छपरं शाकारली, पण चूल काही पेटेना. ठिणगी पडे, नि काटकीला लागताच विझे. लढाईत जाखूबाई चेटकिणीचं घर कुणीतरी जाळलं होतं, तिचाच हा शाप. जळक्या भिंतींत तिची एकटीची चूल तेवढी धगधगत होती.

वरच्या आळीतल्या गोजराची सून ऐन थंडीत बाळंत झाली. शेक नाही, शेगडी नाही. नात काळीनिळी पडू लागली. गोजरा तिला पदराआड धरून बसली, तोच आढ्यावरची साळुंकी बोलली, "गोजरा, तीन कामं कर. आपल्या जळक्या उंबऱ्याची माती आणून चूल घाल. खालच्या आळीचं पाणी आणून ती लिंप. मग जाखूबाईकडून विस्तव आण."

गोजरानं चूल घातली. पाण्याला गेली, तर विहिरीवर खालच्या आळीची म्हाळसा उभी.

"का गं, तुमच्याकडचं पाणी आटलं वाटतं?"

"नातीसाठी नेते, बाई."

म्हाळसेनं घागर भरून दिली. "जाखूबाईकडे जाशील तर जप. आम्ही निखारा घेऊन निघालो, घरी राख घेऊन पोचलो."

चूल लिंपून, रीतीप्रमाणे गोवरीचा तुकडा घेऊन गोजरा चेटकिणीच्या दारात उभी राहिली. "विस्तव द्या, आजी."

"देते. लढाईत तुझ्या घरानं काय जाळलं?"

आजवर जो आला तो म्हणाला होता, 'आम्ही? छे! त्यांनीच.' गोजराला वाटलं, खरं सांगावं, तर ही लेकाचा दगड करील. न सांगावं, तर नात हातची जाईल.

"तुमचंच घर, आजी. माझ्या रायबानं चूड लावली. पेंढा मी काढून दिला."

म्हातारीनं काटकीनं निखारे उकरले. "आत माझी शेळी होती. गाभण."

गोजरानं तिच्या उंबऱ्याला डोकं टेकलं.

"रायबा काय करतो हल्ली?"

"भिंती घालतो, आजी."

"धाड त्याला. माझ्यानं आढं उचलवत नाही." आणि तिनं गोवरीवर निखारा ठेवला.

वाटेत वारा सुटला. गोजरा ओंजळीनं आडोसा करीत धावली. चूल पेटली, शेक लागला, नि नात अशी रडली की दोन्ही आळ्या जाग्या झाल्या.

उजाडताच म्हाळसा दारात, हातात गोवरी. "विस्तव दे, गोजरा."

"घे की. पण आधी सांग."

म्हाळसा उंबऱ्यावर बसली, नि सांगू लागली. अशी एकीकडून दुसरीकडे चूल पेटत गेली, नि शाप सुटला.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. घरी जाऊन लढाईचा हिशेब मांडाल, तर आपल्या हातून जळलं ते आधी मांडा, नि खरं मांडा.