मोकळं पान

“म्हणजे दोष बोर्डातच आहे, असं लिहून देता ना सर?”

दिगंबरबुवा सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठात येण्याआधी बुवांनी सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकात सी ही संगणकाची भाषा शिकवली होती. सगळं गाव त्यांना बुवा म्हणे. हेरंब चौगुले मात्र अजून सरच म्हणायचा. त्यांच्या वर्गात तो पहिला आला होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

“होतंय काय नेमकं?”

“डेअरीत दूध मोजायचं यंत्र आहे. प्रोग्रॅम माझा. दूध घालणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. सगळ्यांचं नीट येतं. एकट्या त्र्यंबक खराड्यांचं येतं ‘त्र्यंबक खराडेकवठे’. कवठे त्यांचं गाव. आता लोक त्यांना खराडेकवठे म्हणूनच हाका मारतात.”

बुवा मिशीत हसले.

“नावाला घरं किती ठेवलीस?”

“सोळा. त्यांचं नाव इंग्रजीत लिहिलं की मधली जागा धरून बरोबर सोळा अक्षरं भरतात. सोळाला सोळा. त्याला लागूनच गावाची घरं. दहादा तपासलंय मी.”

“आणि नाव संपलं, हे यंत्राला कसं कळतं?”

“शेवटी शून्य असतं. ते दिसलं की थांबतं. हे तर तुम्हीच शिकवलंत.”

हेरंबला वाईट वाटलं. इतकं साधं विचारतात म्हणजे सरांचं आता वय झालं, असं त्याच्या मनात आलं.

“यंत्रातले सर्किट बोर्ड जोडले कुणी?”

“शकूताईंच्या बचत गटानं. चाळीस आहेत. तुमचं पत्र मिळालं की उद्या सगळे परत पाठवतो.”

“मग त्या बायका?”

“त्यांना बहुतेक पुन्हा काम मिळणार नाही…” हेरंब खाली बघत म्हणाला. “पण चूक कुणाची तरी असणारच ना सर.”

“असणारच,” बुवा म्हणाले. “चल, आधी जेवू. मग लिहू.”

मठाच्या ओसरीत भिंतीकडेनं सोळा पानं मांडली होती. त्यांना लागून कोपऱ्यात बुवांचा पाट. गुरुवार असल्यामुळे बुवांच्या पानात साबुदाण्याची खिचडी होती.

हेरंबसकट पंधरा माणसं बसली. सोळावा एक वाटसरू खांबाला टेकून उभा राहिला. बुवांच्या शेजारचं पान कोरंच होतं. मीठ नाही, भात नाही.

“बसा की,” हेरंब त्याला म्हणाला. “पान मोकळंच आहे.”

वाटसरू बुवांकडे बघू लागला. बुवांनी आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं.

“अहो, सोळा पानं, सोळा माणसं. उगीच तिष्ठत कशाला राहायचं?” हेरंबनं उठून त्याला हाताला धरून बसवलं आणि स्वतःच त्याच्या पानात मीठ, चटणी, भात वाढला. हिशेब जुळला की त्याला फार बरं वाटे.

मठाचा वाढपी तातोबा आमटी घेऊन निघाला. तातोबाची कंबर वाकलेली, डोळेही अधू. माणसांची तोंडं त्याला दिसत नसत. खाली बघत तो एकेका पानावर पळी रिकामी करत चालला होता.

चौदावं पान झालं. पंधरावं. सोळावं.

आणि पुढची पळी बुवांच्या खिचडीवर.

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले.

“तातोबा, काय केलंत हे!” हेरंब पुढे धावला. “बुवांचा उपास आहे. कुठं थांबायचं कळत नाही का तुम्हाला?”

तातोबा पळी धरून तसाच उभा राहिला.

“कळतं की. कोरं पान आलं की मी थांबतो. रोज असतंय त्ये. आज आलंच न्हाई…”

हेरंबनं बुवांकडे पाहिलं. मग वाटसरूच्या पानाकडे. मग पुन्हा बुवांच्या खिचडीकडे.



“सतरा,” हेरंब अगदी हळू म्हणाला. “घरं सतरा हवी होती. मी शून्याला जागाच ठेवली नाही.”

त्याला शरम वाटली. पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

त्यानं अंगणात जाऊन शकूताईंना फोन लावला. “ताई, बोर्ड परत येणार नाहीत. तुमचं काम चोख आहे. चूक माझी होती.” पलीकडून त्या काय बोलल्या कोण जाणे, पण हेरंबचे कान लाल झाले आणि तो हसू लागला.

परत आला तेव्हा तातोबा आमटीचं भांडं कडेला ठेवून ओशाळून बसला होता. हेरंबनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. तातोबाला काही उमगलं नाही, पण त्यानं आशीर्वाद दिला.

मग हेरंब बुवांसमोर येऊन बसला.

“बुवा,” तो म्हणाला. पहिल्यांदाच. “माझ्यापायी आज तुमचा उपास मोडला.”

बुवांनी खिचडीत आमटी कालवली, एक घास घेतला आणि सावकाश चावून खाल्ला.

“मोडला कुठं रे? तुझं शून्य सापडलं, तिथं संपला. अगदी जागेवर.”