रंगाऱ्याची नाणी

पूर्वी प्रतिष्ठान नगरात सोमवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका सराफाच्या कुळात जन्म घेतला होता. लोक त्यांच्या पेढीवर विश्वासाने ठेव ठेवीत आणि बोधिसत्त्व ती गरजवंतांना व्याजाने देत.

त्याच नगरात गोमती नावाची म्हातारी राहत असे. तिचा नवरा कापडाला नीळ देणारा रंगारी. बिचाऱ्याचे हात जन्मात कधी स्वच्छ झाले नाहीत, आणि त्याने कमावलेल्या नाण्यांनाही निळी झाक असे. तो गेल्यावर गोमतीने ती चाळीस नाणी पेढीवर ठेवली. सात वर्षांनी मात्र त्याच्या आठवणीने तिचे मन घरात रमेना. ती नाणी परत घ्यायला ती पेढीवर आली.

कारकुनाने चाळीस नाणी मोजून दिली. गोमतीने एकेक उलटून पाहिले.

"ही माझी नव्हेत. माझी निळी होती."

"अगं आजी, नाणं ते नाणं!" कारकून हसला.

"माझ्या धन्याची ठेव खाल्ली रे यांनी!" तिने हंबरडा फोडला.

हां हां म्हणता गर्दी जमली. जो तो आपली ठेव मागू लागला. पण ठेवींचे धन पेढीत थोडेच पडून असते? ते लोकांच्या हातांत फिरत होते. सर्वांनी आजच मागितले तर पेढी बुडणार, हे उघड होते.

कारकून बोधिसत्त्वांच्या कानाशी लागला. "चाळीस नाणी निळीत बुडवून आणतो. म्हातारीला दिसतंय कुठं?"

"नको. तिच्या दुःखाला मी खोटा रंग देणार नाही."

बोधिसत्त्व बाहेर आले. "आई, तुमची नाणी नावाड्यांना, विणकरांना दिली. आता ती कुठं आहेत, मला ठाऊक नाही. ठेव घेतानाच हे सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

गोमती ढसाढसा रडली. डोळे पुसताना हातातल्या नाण्यांना तिळाच्या तेलाचा वास आला. तिने एक नाणे पुन्हा नाकाशी नेले.

"ही कुणा तेल्याच्या हातची," ती हळूच म्हणाली. "त्याचंही घरी कुणी असेल." मग तिने सारी नाणी बोधिसत्त्वांच्या ओंजळीत ओतली. "आमच्या माणसाला हातावर हात ठेवून बसणं ठाऊक नव्हतं. त्याची कमाई तरी कशी बसेल? फिरू दे बाबा."

गर्दीतले लोक खाली मान घालून आपापल्या घरी गेले.

ही आपल्याच पूर्वजन्माची कथा सांगून शास्ते भगवान समोर बसलेल्या भिक्षू-भिक्षुणींना म्हणाले, "भिक्षूंनो, तो बाजार, निळ्या हातांचा तो माणूस, आज काहीच उरलेले नाही. तेव्हाचा कारकून म्हणजे सर्वांना गोड बोलून समजावणारा हा भिक्षू. गोमती म्हणजे मागे बसून डोळे टिपणारी ती वृद्ध भिक्षुणी. आणि सराफ मीच होतो. खोट्या रंगाने ती हसली असती, खऱ्या शब्दाने रडली. तरी खरेच सांगावे, हीच सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."