सात डाव कोको

डोंगरापलीकडच्या एका गावात एक चॉकलेटवाला राहायचा. त्याच्या वडिलांच्या हातची चॉकलेटची वडी साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. वडील गेले तशी कढई त्याच्याकडे आली, पितळी डाव आला, आणि ते नावही आलं. बावीस वर्षं तो त्याच कढईत, त्याच डावाने वड्या करत होता.

पण अलीकडे त्याचं डोकं भंडावून गेलं होतं. म्हातारी माणसं वडी चघळत म्हणायची, "पूर्वीची चव राहिली नाही हो." पोरंटोरं मात्र त्याच वडीसाठी हटून बसायची. आता खरं कोणाचं मानायचं? रोज सकाळी तो कालची एक वडी खायचा, आजची एक खायचा. दोन्ही तंतोतंत सारख्या. "मी तर काडीचाही बदल केला नाही," तो स्वतःशी म्हणायचा आणि पुन्हा बुचकळ्यात पडायचा. वडिलांचं नाव आपल्या हातून बुडतंय की काय, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

त्या वर्षी भाऊबीजेला त्याची धाकटी बहीण आली. फार लांब दिली होती बिचारी, लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी येत होती. तिने वडी तोंडात टाकली.

"दादा, ही बाबांची वडी नाही."

"तूसुद्धा?" तो चिडला. "साखर तागडीत तोलतो, दूध मापाने घेतो. कोको बाबांच्याच डावाने, मोजून सात डाव. चुकतो कुठे ते दाखव."

बहीण डावाकडे बघत राहिली. मग उठून तिने आपल्या पेटीतून तसाच एक डाव आणला. बाबांनी तांबटाकडून जोडी घडवून घेतली होती. एक दुकानात ठेवला, दुसरा तिच्या रुखवतात दिला. तिच्याकडे तो सणासुदीलाच निघायचा; या भाऊबीजेला बाबांची आठवण म्हणून तिने तो बरोबर आणला होता.

दोन्ही डाव शेजारी ठेवले. भावाचा डाव एका बाजूने चांगला दोन बोटं झिजला होता. बावीस वर्षं तो त्याच डावाने कढईचा तळ खरवडत आला होता, आणि डावात मावणारा कोको कमी कमी होत गेला होता.

झिजका डाव गुपचूप परत खुंटीला लावला असता, तर गावात कोणाला कळणार होतं? पण त्याने कढई पुन्हा चुलीवर चढवली आणि बहिणीच्या डावाने सात डाव कोको घातला.

वडी खाऊन बहिणीचे डोळे भरून आले. "हीच रे, दादा."

त्याने घाईघाईने एक तोंडात टाकली. त्याला ती कडू लागली. दुसरी खाल्ली, तीही कडू. बाबांची चव आपल्यालाच ओळखू येत नाही, हे कळून त्याला फार वाईट वाटलं.

बहीण जाताना आपला डाव तिथेच ठेवून गेली. आता तो त्याच डावाने कोको मोजतो आणि कढई उलथन्याने खरवडतो. पोरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग त्यांना सवय झाली. कालच्या वडीशी ताडून बघणं त्याने सोडलं. चव कशी झाली ते तो म्हाताऱ्यांना विचारतो. एक आजोबा अजूनही मान हलवून म्हणतात, "पूर्वीची नाही." मग चॉकलेटवाला डोकं खाजवत डाव पुन्हा तपासून बघतो.

तात्पर्य: 'मी काहीच बदललं नाही' असं छातीठोकपणे सांगण्याआधी आपलं माप दुसऱ्याच्या मापाशेजारी ठेवून बघावं. डावाबरोबर आपली जीभही झिजत असते.