उलटे धरलेले प्रोब

एकदा एक वयोवृद्ध गायनशिक्षिका आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा जुन्या शालीत गुंडाळून बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. तानपुरा ठणठणीत होता. जळला होता तो त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर. बाईंची बोटे संधिवाताने आखडलेली, त्यामुळे खऱ्या तानपुऱ्याच्या तारा जुळवणे त्यांना जमत नव्हते. आणि हे यंत्र बनवणारे तर केव्हाच दुकान गुंडाळून बसलेले. "याला काही झालं तर माझा वर्ग बंदच करावा लागेल हो," असे म्हणून त्या स्टुलावर टेकल्या. तानपुरा मांडीवरून खाली ठेवायलाही त्यांचे मन होईना.

दुकान एका वृद्ध कारागिराचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकणारी मंजिरी तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. चार वर्षांत अण्णांवर तिचा एवढा जीव जडला होता की, "अण्णांना हल्ली कमी दिसतं का?" असे कुणी सहज विचारले तरी ही बाई त्याच्याशी दोन दिवस अबोला धरायची.

दुकानाचा एक नियम होता. ज्याने जोडले त्याने तपासायचे नाही. आजवर मंजिरी जोडायची आणि अण्णा मीटर लावायचे. त्या दिवशी मात्र अण्णांनी स्वतः नव्या अडॅप्टरच्या वायरीला तानपुऱ्यात बसणारी गोल पिन जोडली आणि तो मंजिरीपुढे सरकवला.

"लाव मीटर."

"तुम्ही जोडलेलं मी काय तपासायचं, अण्णा?"

"लाव म्हटलं ना!"

तानपुऱ्याच्या पाठीवर खूण स्पष्ट होती : पिनच्या आत प्लस, बाहेर मायनस. वीज उलटी गेली असती तर आतले सर्किट क्षणात जळाले असते, आणि तसे दुसरे कुठेच मिळणार नव्हते. मंजिरीने अडॅप्टर बोर्डात खोचला, बटण दाबले. मीटरच्या वायरींना असलेल्या दोन टोकदार प्रोबांपैकी प्लसचा लाल प्रोब पिनच्या भोकात घातला, काळा बाहेरच्या कडेला टेकवला. मीटरवर बारा उमटले. पण त्या बाराच्या आधी वजाचे चिन्ह होते.

म्हणजे आत मायनस, बाहेर प्लस. अण्णांनी उलटे जोडले होते!

मंजिरीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंकडे पाहिले. समोर गिऱ्हाईक बसलेले, आणि उभ्या गावाने ज्यांच्या हाताची ग्वाही द्यावी त्यांची चूक आपल्या तोंडून बाहेर पडायची? तिने हळूच प्रोबच बदलले. काळा आत, लाल बाहेर. वजाचे चिन्ह गेले.

"बारा, अण्णा. बरोबर आहे," ती म्हणाली. अण्णा चहाला उठले की वायरी गुपचूप बदलून टाकायच्या, असा तिचा बेत होता.

पण अण्णा चहाला उठले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातातून तानपुरा घेतला आणि पिन उचलून त्याच्या तोंडाशी नेली.

"अण्णा, थांबा!" मंजिरीने झटकन तानपुऱ्याच्या भोकावर तळहात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

अण्णा शांतपणे हसले. "बोर्डाचं बटण मी मघाशीच बंद केलंय. तू दोनदा प्रोब टेकवलेस, आवाज ऐकला मी. सगळं बरोबर असतं तर एकदा टेकवून भागलं असतं. डोळे गेले असतील, कान आहेत अजून."

मंजिरीची मान खाली गेली.

"हे बघ," अण्णा म्हणाले, "लाल आणि तपकिरी वायर मला आता सारखीच दिसते. महिनाभर हे मीच मनातल्या मनात दडवत होतो. म्हणून तर आज तुला मीटर लावायला सांगितलं. वजाचं चिन्ह माझी अब्रू काढत नव्हतं गं, ते फक्त वायर उलटी आहे म्हणत होतं. तू माझी लाज राखायला निघालीस, आणि त्यात या बाईंचा सूर जाणार होता. तुझी माया मला कळते. पण उद्या मी चुकलो तर मला सांगणारं तुझ्याशिवाय आहे कोण?"

मग ते बाईंकडे वळले. "बाई, मी उलटं जोडलं होतं. हिने वाचवलं."

"अहो, माझाही सा कधीकधी उतरतो आता," बाई म्हणाल्या. "मुलींना सांगून ठेवलंय, लाजू नका, टोका मला."

मंजिरीने पिन कापली आणि नव्याने जोडली. मीटर अण्णांनी लावला, आकडा बाईंनी चष्मा पुढे ओढून मोठ्याने वाचला, "बारा. आधी काही नाही." तानपुरा घुमू लागला तेव्हा बाईंनी डोळे मिटून सा लावला.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामाला बसले, तर टेबलावरच्या प्रत्येक लाल वायरीच्या टोकाजवळ मंजिरीने एक बारीक गाठ मारून ठेवलेली. डोळ्यांना न दिसणारे बोटांना कळावे म्हणून. अण्णांनी ती चाचपली, एक पिन जोडली आणि अडॅप्टर तिच्यापुढे सरकवला.

तिने मीटर लावला. "वजा बारा, अण्णा. गाठीची वायर बाहेरच्या कडेला गेलीय."

"शाब्बास," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डाख द्यायचे सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवले.