आधी राजाध्यक्षांची बाजू

"म्हणजे माझंच चुकलंय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

उल्का सबनीस पाटबंधारे खात्यात अभियंता. लहानपणी दिगंबरशास्त्र्यांच्या पाठशाळेत तर्क शिकलेली, आणि तेव्हापासून कुणाचं म्हणून ऐकून न घेणारी. आज शास्त्रीबुवांच्या ओसरीवर तरातरा आली आणि भांडणच मांडून बसली.

वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस सांगितला होता. तिचं संगणकावरचं मॉडेल म्हणत होतं, धरणाचे दरवाजे आजच उघडा, नाहीतर उद्या नदीकाठच्या साळी आळीत गळ्याएवढं पाणी शिरेल. मुख्य अभियंता राजाध्यक्षांचं मॉडेल म्हणत होतं, काही होत नाही, पाणी राखा. आज बैठकीत सोक्षमोक्ष लागायचा होता.

"मी कुठं काय म्हटलं?" शास्त्रीबुवा म्हणाले. "आधी पूर्वपक्ष मांड."

पाठशाळेचा रिवाजच तो. विरोधकाची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आल्याशिवाय स्वतःची मांडायची नाही. भलेभले इथंच घाम पुसतात, शिकताना मीही पुसलाय.

"त्या माणसाची वकिली मी करू? मुळीच नाही!"

"मग ऊठ."

ती उठली नाही. दातओठ खात बोलू लागली.

"राजाध्यक्ष म्हणतात, पाऊस आलाच नाही तर सोडलेलं पाणी परत येत नाही. उन्हाळ्यात शहर कोरडं पडेल."

"खोटं आहे?"

"...नाही."

"पुढे."

"म्हणतात, उल्काबाईंचं मॉडेल गेल्या पुरावर बेतलेलं. तेव्हा पुलाखाली झाडं अडकली होती, म्हणून पाणी तेवढं चढलं. यंदा पूल मोकळा..."

ती थांबली. चेहरा खर्रकन उतरला. मांडीवरच लॅपटॉप उघडून तिनं आकडे बदलले आणि मॉडेल पुन्हा चालवलं.

"गळ्याएवढं नाही. कमरेएवढंच."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"आळीत पोरं आहेत?"

उल्कानं लॅपटॉप फाटकन मिटला. डोळे भरले होते, पण आवाज चढला.

"उघडायलाच हवेत दरवाजे! शहराला पाणी कमी पडलं तर घालू देत मला शिव्या. माझं मॉडेल चुकलं होतं, हेही सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन. तरी उघडा म्हणेन. आणि राजाध्यक्षांना मला घरी बसवायचं असेल, तर खुशाल बसवू देत!"

शास्त्रीबुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. ओसरीच्या कडेला जाऊन वाकले, आणि तिच्या चपला स्वतःच्या हातांनी उचलून तिच्यापुढे आणून ठेवल्या.

"अहो, हे काय करताय? मला पाप लावताय!" ती झटकन मागे सरकली. "आणि बरोबर कोण, ते तुम्ही सांगितलंच नाही."

"घाल लवकर," शास्त्रीबुवा म्हणाले. "बैठक गाठ. वरून पाणी निघालंही असेल."