चातकाची चोच

पूर्वी काशीच्या गादीवर यशोधर नावाचा राजा असताना, बोधिसत्त्व गंगेच्या पात्रात वाड्या लावणाऱ्या लोकांच्या कुळात जन्मला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे लोक मधल्या वाळूच्या बेटावर झोपड्या घालीत आणि टरबुजं, काकड्या पिकवीत. बोधिसत्त्वाचं नाव वेणुक. त्याला शिकायला तक्षशिलेला धाडलं होतं. तो अर्ध्यातून उठून आला. तेव्हापासून बेटावरची वडीलधारी मंडळी त्याला 'अर्धपाठी' म्हणत. त्यांच्यातल्या एकानेही पाव पाठ केलेला नव्हता.

बेटाचा एक नियम होता. पावसाच्या पुढे पुढे चातक दूर देशाहून येतो. त्याची हाक मुखियाने ऐकायची आणि "ऐकला!" म्हणायचं. त्या एका शब्दावर सगळं बेट उठून काठावर जाई. शब्द आला नाही, तर कुणी हलायचं नाही. मुखिया होता म्हातारा तिंदुक आजा.

त्या वर्षी ज्येष्ठ अर्धाही सरला नव्हता. एका सकाळी वाळूत घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांनी नुकती उडू लागलेली पिलं घेऊन वाळू सोडली. धारेचं पाणी गढूळलं. आणि आजाच्या झोपडीमागे झाऊच्या झुडपावरून हाक आली: पिऊ, पिऊ, पिऊ.

आजा दोर वळत बसला होता. त्याचा हात थांबला नाही.

वेणुक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आजा, कधी निघायचं?"

आजा त्याच्या ओठांकडे बघत होता. "हंगाम बघ कुठला आहे! ऐकला की सांगेन."

मागे चातक ओरडतच होता. शेजारी बसलेल्या पाच म्हाताऱ्यांनी तो ऐकला आणि पाचही जणांनी माना खाली घातल्या. मुखियाला चूक म्हणण्यापेक्षा बुडणं त्यांना जास्त सभ्य वाटत होतं.

"कुंभककाका, तुम्ही ऐकलंत ना?"

"आम्ही ऐकून काय होतं? मुखियाने ऐकायला हवं. तक्षशिलेत एवढंही शिकवलं नाही?"

"बुडताना काय करायचं, तेवढंच शिकवायचं राहिलं होतं, काका. तुम्ही आज दाखवताय."

वेणुकाच्या मित्राने, मल्लकाने, त्याला बाजूला ओढलं. "चौघांत ओरडून सांग, म्हातारा ठार बहिरा झालाय. लोक आत्ता उठतील, आणि मुखियाची काठी तुझ्या हातात येईल. मग बघू, कोण अर्धपाठी म्हणतं!"

वाक्य वेणुकाच्या ओठांवर आलं होतं. गेल्या कित्येक वर्षांचा राग त्यात मावला असता. पण त्याला मागचा उन्हाळा आठवला. चातक बोलला तेव्हा आजाची बायको कपिला शेजारी बसली होती आणि तिचा हात आजाच्या मनगटावर होता. त्याच्या आदल्या साली तसंच. कपिला आजी या माघात गेली.

म्हणजे ऐकत होती ती.

वेणुकाचा राग गेला नाही. पण तो म्हाताऱ्यावर धरवेना. त्याने आजाचा हात धरला, त्याला झुडपापाशी नेलं आणि बोट दाखवलं. फांदीवर काळापांढरा, शेंडीवाला पक्षी होता. त्याची चोच उघडली. गळा थरथरला. चोच मिटली. पुन्हा उघडली.

आजा खूप वेळ बघत राहिला.

"आवाज तसाच आहे का रे?"

वेणुकाने होकारार्थी मान डोलावली आणि आजाचं मनगट एकदा दाबलं.

आजा वळला. 'ऐकला' म्हणून तो सुटू शकला असता. वेणुकाने ते कुणाला सांगितलं नसतं. पण आजा मोठ्याने म्हणाला, "पाहिला! तीन वर्षं मला ऐकू येत नाही. लाजेपायी तुम्हाला बुडवणार होतो. आणि तुम्ही पाच जण रे! धड कान घेऊन गप्प बसलात. तुम्ही माझ्याहून बहिरे. उठा!"

दुपार कलायच्या आत शेवटची नाव काठाला लागली. पाठोपाठ वरून लोंढा आला. डोळ्यांदेखत बेट नाहीसं झालं. झोपड्यांची छपरं वाहत गेली आणि त्यांच्यामागून टरबुजं डुलत डुलत निघाली.

"चालली वरात," मल्लक म्हणाला.

आधी एक बाई हसली, मग सगळा काठ हसू लागला. माणसं एकमेकांना चाचपून बघत होती. कुंभककाकाने काकडी मोडून अर्धी वेणुकापुढे धरली. "खा रे, अर्धपाठी. सकाळपासून उपाशी आहेस."

काठी आजाकडेच राहिली. शब्द मात्र त्याने बदलला. पुढच्या सालापासून 'ऐकला' नाही, 'आला' म्हणायचं ठरलं. आणि चातक पहिल्यांदा ज्याला कळेल त्याने म्हणायचं, मग ते शेंबडं पोर का असेना.

एवढं सांगून शास्ता भगवान बुद्ध विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा तिंदुक म्हणजे दृष्टी गेल्याचं लपवणारा, समोर बसलेला हा म्हातारा स्थविर. ते पाच म्हातारे म्हणजे त्याला रोज पायरीवर अडखळताना पाहून गप्प राहिलेले तुम्ही पाच जण. आणि वेणुक मीच होतो."

स्थविराने हात पुढे केला. पाच हात धावून आले.

सत्य सांगावं, आणि सांगताना समोरच्याचं मनगट धरावं. ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.