दोन घरांच्या मधे

"मग ती इथं येऊन करते तरी काय?"

कुमुदताईंनी पुन्हा तेच विचारलं. कमालबाबा फकीर आपल्या झोळीला टाके घालत होते.

"बसते."

"नुसती?"

"नुसती."

कुमुदताईंना हे पटणं शक्यच नव्हतं. घरोघरी जाऊन तान्ही बाळं बघणाऱ्या, त्यांच्या आयांना धीर देणाऱ्या बायकांवर त्या देखरेख ठेवत. त्यांतली सगुणा ऐन कामाच्या वेळी गावाबाहेर फकिराच्या चिंचेखाली दिसते, अशी कुणकुण त्यांना लागली होती. एवढं पुरे होतं. मनातल्या मनात त्यांनी सगुणाला कामावरून काढूनही टाकलं होतं. आता फक्त कारण हाती लागायचं होतं.

त्यांची नजर बाबांच्या शेजारी पडलेल्या काळ्या दोऱ्यांवर गेली. हं, म्हणजे असं आहे तर!

"ताईत नेत असेल तुमच्याकडून. बाळांच्या गळ्यात बांधायला."

"मागितला होता एकदा. मी दिला नाही."

"कुणाच्या बाळासाठी?"

"स्वतःसाठी. झोप येत नाही म्हणाली."

"झोप उडायला झालंय काय तिला?"

बाबांनी दातानं दोरा तोडला.

"वरच्या आळीतलं बाळ गेलं. तुला ठाऊक असेल."

"म्हणजे काय! चौकशी मीच केली."

"सगुणाला काय विचारलंस?"

"शेवटची भेट वेळेवर दिली होती का, ते."

"दिली होती?"

"दिली होती."

"आणखी काय विचारलंस?"



कुमुदताईंनी पदरानं मान पुसली. "दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या घरी पाठवलं. बाळं काय थांबतात, बाबा? कुणीतरी जायलाच हवं."

"खरं आहे." बाबांनी झोळी बाजूला ठेवली. "बेटी, बाहेरून आलेल्यानं थेट तान्ह्या बाळाला उचलू नये, असं तुम्हीच सांगत फिरता ना?"

"हो. आधी हातपाय धुवावेत, घटकाभर टेकावं, मगच बाळाला घ्यावं."

"तेच करते ती."



इतक्यात पायवाटेवर सगुणा दिसली. खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. चिंचेखाली कोण बसलंय हे कळताच तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती तिथंच थबकली आणि आल्या पावली मागं वळली.

कुमुदताईंना स्वतःची लाज वाटली. हाक मारावी, तर काय म्हणून मारावी? आपल्या हाकेला ही पोरगी आजवर फक्त हिशेब द्यायला आली आहे. त्या घाईघाईनं चटईवरून उठू लागल्या.

"मी जाते, बाबा. मी असेपर्यंत ती यायची नाही."

बाबांनी चटईवर हात ठेवला.

"उठू नकोस," ते म्हणाले. "सरक."